छोट्या विमानातून हवाई सफर : वाचकांचे प्रश्न

छोट्या विमानातून निसर्ग पाहायला जाणाऱ्या मित्रमंडळींच्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रे निरनिराळ्या वाचकांची असली, तरी बहुतेकांतली खरी अडचण विमानाची कमी आणि मित्रांमधल्या संकोचाची किंवा आग्रहाची अधिक आहे, म्हणून उत्तरांतही त्या बाजूकडे मुद्दाम जास्त लक्ष दिले आहे.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र चार आसनी विमानातून सफरीला जाणार आहोत. आयोजकांनी प्रत्येकाचे वजन लेखी मागितले. आमच्यातल्या एकाला ते अपमानास्पद वाटले आणि त्याने खऱ्या वजनापेक्षा दहा-बारा किलो कमी लिहून दिले. एवढ्याने खरोखर काही बिघडते का?

उत्तर : बिघडते, आणि ते आकडे मांडल्यावर लगेच लक्षात येते. अशा सफरींसाठी जगभर वापरले जाणारे चार आसनी विमान म्हणजे सेसना १७२. हे विमान १९५५ मध्ये प्रथम उडाले. त्याच्या अलीकडच्या १७२ एस या आवृत्तीचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ११५७ किलो ठरवलेले आहे. आत बसवलेल्या उपकरणांनुसार रिकामे विमान साधारण ७५० ते ७८० किलो भरते. टाक्या पूर्ण भरल्या, तर वापरता येण्याजोगे इंधन सुमारे २०० लिटर असते आणि त्याचे वजन १४४ किलोंच्या घरात जाते. वजाबाकी केली, की वैमानिकासह चार माणसे, त्यांचे कपडे, बूट, कॅमेरे आणि पिशव्या या सगळ्यांसाठी मिळून जेमतेम अडीचशे किलो उरतात. विमानात आसने चार असली, तरी चार भरभक्कम माणसे आणि काठोकाठ भरलेल्या टाक्या या दोन्ही गोष्टी त्याला एकाच वेळी झेपत नाहीत.

म्हणून वैमानिक माणसांच्या वजनानुसार इंधन ठरवतो. या विमानाला तासाला साधारण ३५ लिटर इंधन लागते. त्यावर राखीव साठा ठेवावाच लागतो आणि उरलेल्या वजनात माणसे बसवली जातात. आपण तिघांनीही आपल्या मित्राप्रमाणे प्रत्येकी दहा किलो लपवले, तर वैमानिकाच्या नकळत विमानात तीस किलो जास्त चढतात, म्हणजे चाळीस लिटरांहून अधिक इंधनाचा भार. कडक उन्हात किंवा उंचावरच्या धावपट्टीवर हवा आधीच विरळ असते, विमान जमीन सोडायला जास्त अंतर धावते आणि नंतरही सावकाश चढते. अशा ठिकाणी हे तीस किलो धावपट्टीपलीकडच्या झाडांवरून विमान सुखरूप जाते की नाही, इथपर्यंत परिणाम करू शकतात.

एकूण वजनाइतकेच महत्त्व ते वजन कुठे बसले आहे याला असते. सी-सॉच्या फळीवर कोण कुठे बसला यावर फळी कुठे कलणार हे ठरते, तसा विमानाचा गुरुत्वमध्य प्रवाशांच्या जागांवर अवलंबून असतो. मागच्या आसनांवर दोन जड माणसे आणि त्यांच्या मागे सामान अशी मांडणी झाली, तर गुरुत्वमध्य मागे सरकतो, विमानाचे नाक वर जाऊ पाहते आणि वेग फार कमी होऊन पंखांची उचल संपली, तर नाक खाली आणून विमान सावरणे अवघड होते. त्यामुळे वैमानिकाने जागा बदलायला सांगितल्यास ‘आम्हाला शेजारीच बसायचे आहे’ असा हट्ट धरू नये.

मित्राचा संकोच मला समजतो आणि त्यावर उपाय अगदी सोपा आहे. सर्वांचे आकडे एकाच कागदावर लिहून तो हातोहात फिरवण्याऐवजी प्रत्येकाने आपले वजन आयोजकांना स्वतंत्रपणे कळवावे आणि वजनकाट्यावर उभे राहताना बाकीच्यांनी दूर थांबावे. वजनावरून मित्राची थट्टा करणाऱ्यांनी सफरीपुरती तरी ती आवरावी, कारण खोटा आकडा बहुधा त्या थट्टेच्या भीतीनेच लिहिला जातो. आपल्या मित्राने मात्र उड्डाणाआधी खरा आकडा कळवायलाच हवा.

प्रश्न : डोक्यावर स्वच्छ ऊन असताना वैमानिकाने आमची सफर रद्द केली. आमच्या सहलीचा तो शेवटचा दिवस होता. आम्ही खूप विनवण्या केल्या, जास्त पैसे देण्याचीही तयारी दाखवली, पण तो बधला नाही. त्याने अति सावधगिरी बाळगली असे वाटत नाही का?

उत्तर : तो बधला नाही हे आपल्या हिताचेच झाले. धावपट्टीवरचे आकाश पाहून सफरीचा निर्णय होत नाही. वैमानिक जिथे जायचे तिथले आणि वाटेतल्या खिंडीतले ढग किती खाली आहेत हे पाहतो, दुपारनंतर हवा कशी बदलणार याचा अंदाज घेतो आणि परतताना धावपट्टीवर आडवा वारा किती असेल हेही तपासतो. सेसना १७२ एसच्या चाचण्यांमध्ये १५ नॉटपर्यंतच्या, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटरपर्यंतच्या आडव्या वाऱ्यात ते उतरवून दाखवले गेले आहे. त्याहून जोराचा वारा असेल, तर ऊन कितीही लख्ख पडलेले असो, शहाणा वैमानिक जमिनीवरच थांबतो.

ढगांचा धोका प्रवाशांना सहसा कळत नाही, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. अशा बहुतेक सफरी बाहेर पाहून, क्षितिज आणि जमीन यांच्या आधाराने केल्या जातात. विमान ढगात शिरले, की हा आधार नाहीसा होतो. अशा वेळी कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय फसते. विमान एका बाजूला कलून हळूहळू वळत असले, तरी थोड्याच वेळात ते सरळ चालले आहे असे वाटू लागते. १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालवण्याचे शिक्षण न घेतलेल्या वीस जणांवर एक प्रयोग झाला. बाहेरचे काही दिसेनासे केल्यावर त्यांचा विमानावरचा ताबा सरासरी १७८ सेकंदांत सुटला, म्हणजे तीन मिनिटेही लागली नाहीत. उपकरणांवर उड्डाण करण्याचे शिक्षण घेतलेला वैमानिक यातून निभावून नेऊ शकतो, परंतु डोंगरांच्या कुशीत, निसर्ग पाहण्यासाठी कमी उंचीवरून उडताना ती वेळ येऊच न देणे हाच त्याच्या कौशल्याचा भाग आहे.

मित्रांच्या घोळक्याने एकट्या वैमानिकापुढे उभे राहून आग्रह करणे, त्यातही पैशांचे आमिष दाखवणे, याला मी विनवणी म्हणणार नाही. तो दबाव आहे आणि सगळेच वैमानिक तो परतवून लावू शकतील याची खात्री नसते. पुढच्या वेळी सफर सहलीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा, म्हणजे रद्द झाली तरी आणखी एक सकाळ हातात राहील. पैसे परत मिळण्याच्या अटी आधीच लेखी घ्या. आणि निघण्यापूर्वी आपसात एवढे ठरवा, की वैमानिकाने नाही म्हटले तर कोणीही ‘पण’ म्हणणार नाही.

प्रश्न : आमच्या गटातल्या एका मैत्रिणीने नुकताच खासगी वैमानिकाचा परवाना मिळवला आहे. ती विमान भाड्याने घेऊन आम्हाला फिरवायला तयार आहे आणि खर्च सर्वांनी वाटून घ्यायचा आहे. यात गैर काही आहे का?

उत्तर : गैर काही नाही, मात्र मर्यादा नीट जाणून घ्याव्यात. खासगी परवान्यावर प्रवाशांकडून मोबदला घेता येत नाही. अमेरिकेत इंधन, विमानाचे भाडे आणि विमानतळाचे शुल्क यांसारखा खर्च वाटून घेता येतो, पण वैमानिकाने स्वतःचा समान वाटा भरलाच पाहिजे. युरोपीय संघाच्या नियमांत वैमानिकासह सहा जणांपर्यंत थेट खर्च वाटून घेण्याची मुभा आहे. जिथे उडायचे तिथला नियम मैत्रिणीने तपासावा आणि भाड्याच्या विमानाचा विमा प्रवाशांनाही लागू आहे का, हेही विचारून घ्यावे. ‘तू चालवते आहेस, तुझा वाटा आम्ही भरतो’ असे प्रेमाने म्हणणारे मित्र तिला नियमभंगाच्या कडेवर नेऊन उभे करतात.

गेल्या ९० दिवसांत तिने किमान तीन वेळा विमान उडवून उतरवले आहे का, हे तिला जरूर विचारा. प्रवासी नेण्यासाठी अमेरिकेत आणि युरोपात ही अट आहेच. शिकताना तिच्यासोबत बहुतेक वेळा फक्त प्रशिक्षक असतो. चारही आसने भरलेले विमान त्याहून आळसावल्यासारखे चढते आणि उतरताना वेगळे वागते, म्हणून पहिल्या फेरीला एकाच मित्राने सोबत जाणे मला योग्य वाटते. पुढच्या आसनावर बसणाऱ्याने आसन रुळावर नीट अडकले आहे याची खात्री करावी, कारण उड्डाणाच्या वेळी ते मागे घसरले, तर माणूस आधारासाठी समोरचे सुकाणू धरतो. पायाजवळची पेडले त्याच्या बाजूलाही असतात, त्यांवर पाय ठेवू नये. विमान धावपट्टीवर हलल्यापासून ठरलेल्या उंचीवर पोहोचेपर्यंत आणि उतरताना कोणीही गप्पा मारू नयेत. मात्र दुसरे विमान जवळ दिसल्यास लगेच सांगावे. तिच्यासाठी ती मोलाची मदत असते.

प्रश्न : वैमानिकाला ‘जरा खाली घ्या, धबधब्याजवळून न्या’ असे सांगितले तर चालते का?

उत्तर : फेरी कुठून न्यायची याविषयी उड्डाणाआधी बोलावे; हवेत असताना असा आग्रह करू नये. सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय नियमानुसार मोकळ्या प्रदेशावर सुमारे १५० मीटर आणि दाट वस्तीवर सुमारे ३०० मीटर ही किमान उंची असते. संरक्षित क्षेत्रांत ती आणखी जास्त असू शकते. दरीत खाली उतरल्यावर वळायला पुरेशी जागा उरेल की नाही, डोंगरामागून खाली येणारा वारा किती ओढेल, हे प्रवाशाला खिडकीतून दिसत नाही.

लोकप्रिय ठिकाणी आणखी एक धोका असतो, तो म्हणजे तेच दृश्य पाहायला आलेली इतर विमाने. १८ जून १९८६ रोजी अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनवर सफरीचे एक ट्विन ऑटर विमान आणि सफरीचेच एक हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळले आणि दोन्हींतली मिळून २५ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर १९८७ मध्ये तिथे कायदा झाला आणि विमाने व हेलिकॉप्टरे यांचे मार्ग व उंची वेगळ्या केल्या गेल्या. वैमानिक ज्या ठरलेल्या वाटेने जातो, तिच्यामागे अशी कारणे असतात.

प्रश्न : एका मित्राला मोटारीतही मळमळते. त्याला न्यावे की नाही?

उत्तर : त्याची इच्छा असेल तर अवश्य न्यावे. त्याला पुढचे आसन द्या, हवेचा झोत त्याच्या चेहऱ्यावर येऊ द्या आणि नजर दूर क्षितिजावर ठेवायला सांगा. मोबाईलच्या पडद्यात किंवा कॅमेऱ्यात डोळा घालून बसल्यास मळमळ फार लवकर सुरू होते. सकाळी जमीन तापलेली नसल्याने हवा शांत असते. दुपारी हेच विमान हेलकावे खाते. हलके काही खाऊन निघावे, अगदी उपाशी नव्हे. गोळी घ्यायची असल्यास डॉक्टरांना विचारून उड्डाणाच्या पुरेशा आधी घ्यावी. वैमानिकाला सांगितले, तर तो तीव्र वळणे टाळतो. पिशवी हाताशी असावी आणि गरज लागलीच, तर इतरांनी खिडकीबाहेर पाहत राहावे, एवढे सौजन्य पुरते.

प्रश्न : हवेत इंजिन बंद पडले तर?

उत्तर : विमान दगडासारखे खाली येत नाही, ते तरंगत उतरते. सेसना १७२ वारा नसताना हजार मीटर उंचीवरून साधारण नऊ किलोमीटर जाऊ शकते, त्यामुळे चांगला वैमानिक उतरण्याजोगी जागा सतत नजरेत ठेवतो. अशा इंजिनात ठिणगी देणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा असतात आणि उड्डाणापूर्वी तो दोन्ही तपासून पाहतो. ती तपासणी चालू असताना त्याला घाई करू नये. पाण्यावरून उडताना लाइफ जॅकेट दिले असेल, तर ते विमानात बसल्या बसल्या फुगवू नये, बाहेर पडल्यावरच फुगवावे.

प्रश्न : फोटो काचेतून चांगले येत नाहीत. काय करावे?

उत्तर : गडद रंगाचे कपडे घाला, म्हणजे काचेत प्रतिबिंब कमी पडते. फ्लॅश बंद ठेवा. लेन्स काचेजवळ न्या, पण टेकवू नका, नाही तर इंजिनाची थरथर फोटोत उतरते. शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. पोलरायझर फिल्टर काढून ठेवा, कारण प्लॅस्टिकच्या खिडकीतून त्यामुळे रंगीत पट्टे दिसतात. खिडकी उघडता येत असेल, तरी कॅमेरा आणि मोबाईल दोरीने मनगटाला बांधलेला हवा; बाहेर पडलेली वस्तू विमानाच्या शेपटीवर आदळू शकते. दोन्ही बाजूंच्या मित्रांना दृश्य दिसावे म्हणून एक फेरी डावीकडून आणि एक उजवीकडून घेण्याची विनंती उड्डाणाआधीच करावी.

प्रश्न : आमच्यापैकी दोघे सकाळी समुद्रात स्कूबा डायव्हिंग करणार आहेत आणि त्याच दिवशी दुपारी सर्वांची विमानसफर आहे. चालेल का?

उत्तर : चालणार नाही. पाण्याखाली दाबामुळे शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि उंचीवर बाहेरचा दाब कमी झाला, की त्याचे बुडबुडे होऊन गंभीर आजार होऊ शकतो. टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याची गरज न पडलेल्या एकाच बुडीनंतर किमान १२ तास, आणि अनेक बुड्या किंवा सलग काही दिवस बुड्या मारल्या असतील, तर किमान १८ तास विमानात बसू नये, असा सल्ला दिला जातो. दोघांनी ही गोष्ट गटात आजच सांगावी, कार्यक्रम बदलावा लागल्याने कोणी नाराज झाले तरी चालेल. विमानसफर सकाळी आणि डायव्हिंग त्यानंतर, असा क्रम लावला, तर दोन्ही होतील.