सागवान, अल्डर की बासवुड? इलेक्ट्रिक गिटारच्या लाकडाबद्दल नागपूरच्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सीताबर्डीला एकाच कंपनीच्या दोन इलेक्ट्रिक गिटार पाहिल्या. एकीची बॉडी बासवुडची, दुसरीची अल्डरची. अल्डरवाली बरीच महाग आहे. तिचा आवाज जास्त खुला येतो असं दुकानात सांगितलं. जास्तीचे पैसे मोजावेत का? (धरमपेठ)

उत्तर : नुसत्या लाकडासाठी मोजू नका.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबकाजवळ असल्यामुळे गिटारची पोलादी तारही चुंबकित होते. ती हलली की वेढ्यांमधलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि सिग्नल तयार होतो. अकूस्टिक गिटारमध्ये वरची पातळ फळी हवा हलवते आणि तोच आवाज आपल्या कानावर येतो. इथे तसं होत नाही. इलेक्ट्रिक गिटारला नायलॉनच्या तारा लावल्या, तर लाकूड कितीही उंची असो, अ‍ॅम्पमधून जवळजवळ काहीच येणार नाही.

लाकडाचा संबंध येतो तो तारेच्या दोन टोकांशी. एका बाजूला बॉडीवरचा ब्रिज, दुसऱ्या बाजूला नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) किंवा दाबलेला फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी). ही टोकं जितकी हलतात, तितकी तारेची ऊर्जा लाकडात मुरते आणि स्वर लवकर विझतो. म्हणजे लाकडाचा परिणाम शून्य नाही. पण दीड-दोन किलोच्या भरीव बॉडीवर स्क्रूने आवळलेला ब्रिज फारच कमी हलतो. लांब, सडपातळ नेक, म्हणजे गिटारची मान, मात्र हलतो. त्याबद्दल पुढे बेसच्या प्रश्नात लिहिलं आहे.

याच्या शेजारी साधी केबल ठेवून पाहा. केबलला दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) असतो. स्ट्रॅट (फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर) धाटणीच्या सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या, पिकअपचा इंडक्टन्स (वेढ्यांचा विद्युत गुणधर्म) २.५ हेन्रीच्या आसपास धरा आणि पिकअपचा स्वतःचा कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड. ३ मीटरची केबल लावली तर रेझोनन्स (ज्या कंपनसंख्येला सिग्नल सगळ्यात जोरात येतो ती जागा) ५ किलोहर्ट्झच्या जवळ येतो, ६ मीटरची लावली तर ३.८ किलोहर्ट्झवर उतरतो. आवाजातली चमक तिथेच असते, त्यामुळे हा फरक सहज ऐकू येतो. दुसरी गोष्ट व्हॉल्यूमच्या पॉटची, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखालच्या रोधकाची. साध्या पॉटमध्ये २० टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे २५० किलोओम छापलेला एक पॉट २०० चा निघू शकतो आणि दुसरा ३०० चा. तुम्हाला ऐकू आलेला ‘खुलेपणा’ त्या दोन पॉटमधलाही असू शकतो. दुकानात ते मोजलं जात नाही.

अल्डर हे नाव गिटारशी कसं जोडलं गेलं तेही लक्षात घ्या. फेंडरने १९५० मध्ये भरीव बॉडीच्या गिटार विकायला काढल्या तेव्हा त्या मुख्यतः अ‍ॅशच्या होत्या. १९५६ च्या सुमारास कंपनी बऱ्याच गिटारसाठी अल्डरकडे वळली, कारण ते लाकूड सहज मिळत होतं आणि रंगवायला सोपं होतं. अ‍ॅशची छिद्रं उघडी असतात, ती आधी भरावी लागतात. डॅनइलेक्ट्रोने मेसोनाइटच्या, म्हणजे लाकडी तंतू दाबून केलेल्या फळीच्या, गिटार विकल्या. १९६९ मध्ये अँपेगने डॅन आर्मस्ट्राँगची पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची गिटार आणली. या सगळ्या गिटार रेकॉर्डिंगमध्ये वाजल्या आहेत आणि चांगल्या वाजल्या आहेत.

दुकानात पुन्हा जाल तेव्हा दोन्ही गिटारच्या पिकअपची उंची आधी सारखी करून घ्या. शेवटचा फ्रेट दाबून तारेचा खालचा भाग आणि पोलचा (पिकअपमधल्या चुंबकाच्या दांड्याचा) माथा यांत जाड ‘ई’खाली २.४ मिमी आणि बारीक ‘ई’खाली २ मिमी ठेवा. दोन्हींना सारख्याच जाडीच्या तारा असाव्यात. त्यानंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा. नेक सरळ असलेली, फ्रेट सारखे बसवलेली आणि खांद्याला झेपणारी गिटार घ्या, मग ती बासवुडची का असेना. बासवुडचा खरा दोष वेगळा आहे. ते मऊ असल्यामुळे लवकर खोचे पडतात, आणि पट्ट्याच्या बटणाचा स्क्रू वारंवार काढला तर भोक सैल होतं.

प्रश्न : गिटार अ‍ॅम्पला न जोडता वाजवली तरी दोन लाकडांतला फरक कळतो. बॉडीवर टकटक केली तर अ‍ॅम्पमधूनही आवाज येतो. मग पिकअप लाकूड ऐकत नाही असं कसं म्हणता येईल? (महाल)

उत्तर : तुमची दोन्ही निरीक्षणं बरोबर आहेत. बॉडीच्या शिंगाला कान लावून वाजवलं तर फरक स्पष्ट येतो, कारण तेव्हा तुम्ही हलणारं लाकूडच ऐकता. पिकअप ते ऐकत नाही.

टकटकीचं घरी तपासता येतं. अ‍ॅम्प चालू ठेवा आणि बॉडीवर बोटाच्या पेराने ठोका. आता सगळ्या तारांखाली, ब्रिजपासून नटपर्यंत, जाड रुमालाची घडी सरकवा आणि तेवढ्याच जोराने ठोका. आवाज एकदम पडतो. पहिल्यांदा जे ऐकू आलं त्यातलं बहुतेक तारांचं हलणं होतं. रुमालानंतरही ठळक ठोका येत असेल तर पिकअपचे वेढे सैल आहेत, आणि असा पिकअप मोठ्या आवाजाला शिट्टी मारतो. उपाय मेणात बुडवण्याचा. चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाशीचं मेण, ६५ अंश सेल्सियस. भांडं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायचं, थेट गॅसवर कधीही नाही. बुडबुडे थांबले की काढायचं, साधारण १५ ते २० मिनिटं. तापमान ७० च्या वर गेलं तर प्लॅस्टिकचा बॉबिन (वेढे गुंडाळलेला सांगाडा) वाकडा होतो आणि पिकअप कायमचा जातो.

तरीही कानाची खात्री करायची असेल तर मित्राकडून दोन्ही गिटारचे दहा तुकडे रेकॉर्ड करून घ्या, आवाजाची पातळी सारखी करा, क्रम मिसळा आणि न बघता ओळखा. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता साधारण एक टक्का आहे. आठ बरोबर आले म्हणून खूश होऊ नका. आठ किंवा जास्त नुसत्या नशिबानेही वीसातून एकदा येतात. आणि नऊ आले तरी फरक लाकडाचाच आहे हे ठरायला दोन्हींत तोच पिकअप, तेच पॉट आणि त्याच तारा बदलून पाहाव्या लागतील.

प्रश्न : माझ्या बेस गिटारच्या जी तारेवर पाचव्या-सहाव्या फ्रेटला स्वर लगेच मरतो. फ्रेट समतल करून घेतले, तारा बदलल्या, फरक नाही. लाकूड खराब आहे का? (मानेवाडा)

उत्तर : लाकूड खराब नाही, पण कारण लाकडातच आहे. या सगळ्या प्रश्नांत लाकडाचा आवाजावरचा परिणाम सगळ्यात स्पष्ट दिसतो तो इथे.

नेकची स्वतःची एक कंपनसंख्या असते. ती एखाद्या स्वराशी जुळली की तारेची ऊर्जा नेककडे ओढली जाते, नेक डोलायला लागतो आणि तार गप्प होते. ३४ इंची, म्हणजे ८६४ मिमी स्केलच्या (नट ते ब्रिज तारेच्या लांबीच्या), स्क्रूने जोडलेल्या नेकच्या बेसमध्ये ही जागा बहुतेक वेळा जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटवर येते. तिथले स्वर १३१ ते १४७ हर्ट्झचे. एकाच लाकडाच्या, एकाच महिन्यात बनलेल्या दोन बेसमध्येही ही जागा एखाद्या फ्रेटने पुढेमागे असू शकते, कारण प्रत्येक तुकड्याची घनता आणि रेषा वेगळ्या.

फ्रेटचा दोष की नेकचा, हे असं ओळखा. जी तार अर्धा स्वर उतरवा. मेलेली जागा एक फ्रेट वर सरकली, म्हणजे तोच स्वर मरतोय, तर कारण नेक आहे. ती त्याच फ्रेटवर राहिली तर फ्रेट सैल आहे किंवा पुढचा फ्रेट उंच आहे. पुन्हा कारागिराकडे जा. पिकअप फार जवळ असला तरी चुंबकाच्या ओढीने स्वर लवकर विझतो, म्हणून आधी तो खाली करा. फेंडरच्या प्रिसिजन धाटणीच्या बेसवर शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली २.८ मिमी, बारीक तारेखाली २ मिमी.

नेकच असेल तर सुताराचा छोटा सी-क्लॅम्प घ्या, १०० ते २०० ग्रॅमचा. हेडस्टॉकला (नेकच्या टोकाच्या, चाव्या बसवलेल्या डोक्याला) मधे चामड्याचा तुकडा ठेवून लावा आणि वाजवा. वजन वाढलं की नेकची कंपनसंख्या उतरते आणि मेलेली जागा नटच्या दिशेने सरकते. ती दोन स्वरांच्या मधे पडली की त्रास बराच कमी होतो. वजन आणि जागा पक्की झाली की तेवढ्याच वजनाची पितळी पट्टी स्क्रूने बसवा. उलटं करायचं असेल तर हलक्या ट्यूनिंग चाव्या लावा; जागा बॉडीकडे सरकते आणि बेसचं डोकंही खाली झुकत नाही. पूर्ण नाहीशी ती होणार नाही. स्टाइनबर्गरने बेसचा नेक कार्बन तंतूंच्या मिश्रणातून केला. ते फार ताठ असल्यामुळे त्या बेसवर ही अडचण कमी जाणवते.

प्रश्न : वाडा पाडला, त्यातला जुना सागवानी दरवाजा आहे. त्यातून गिटारची बॉडी करता येईल का? आवाज कसा येईल? (इतवारी)

उत्तर : करता येईल, आणि शंभर वर्षं वाळलेलं सागवान विकत मिळणं कठीण, तेव्हा जपून कापा. आवाजाची चिंता सोडा, वजनाची करा. स्ट्रॅटच्या आकाराच्या बॉडीत पोकळ्या कोरून झाल्यावर सुमारे ४ लिटर लाकूड उरतं. अल्डरची घनता ४५० किलो प्रति घनमीटर धरली तर बॉडी १.८ किलोची होते. सागवान ६५० च्या आसपास असतं, म्हणजे २.६ किलो. शिसम ७५० च्या वर जातं, तेव्हा ३ किलो. फरक थेट खांद्यावर येतो. म्हणून नियंत्रणांच्या पोकळीशेजारी आणि वरच्या शिंगाच्या बाजूला आतून कप्पे कोरा, वर ६ मिमीची फळी लावा. ब्रिजखालचा आणि नेकखालचा भाग मात्र भरीव ठेवा.

बॉडीला ४४ ते ४५ मिमी जाडी लागते. दरवाजाचा पल्ला बहुधा तेवढा जाड नसतो, चौकट असते. चौकटीतून पट्ट्या काढून तीन-चार जोडल्या की २० बाय १४ इंचांची फळी होते. त्यासाठी पावणेदोन इंच जाडीत ०.२८ घनफूट लागतं. कटाई धरून ०.४ घनफूट हाताशी ठेवा. कमी पडलं तर लकडगंजात त्याच रंगाचा तुकडा शोधता येतो. आरीला देण्याआधी चुंबक फिरवून सगळे खिळे काढा. सागवानात सिलिका असते, रंध्याचं पातं लवकर बोथट होतं, आणि बोथट पातं सांधा बिघडवतं. भुशाने घशाला व कातडीला त्रास होतो, मास्क लावा.

चूक होते ती चिकटवताना. सागवानात तेल असतं आणि काही दिवसांपूर्वी रंधलेल्या कडेवर ते वर आलेलं असतं. कडा ताज्या रंधा, ॲसिटोनच्या फडक्याने पुसा, पंधरा मिनिटांत गोंद लावा आणि २४ तास क्लॅम्पमध्ये ठेवा. इपॉक्सी वापरली तर क्लॅम्प जास्त आवळू नका. सगळी इपॉक्सी बाहेर येते आणि सांध्यात पुरेशी उरत नाही.

नेकचा खिसा फेंडर धाटणीत १६ मिमी खोल, ५६ मिमी रुंद. बाजूंनी नेक हाताने दाबून बसला पाहिजे, हलता कामा नये. बॉडीतली स्क्रूची भोकं ४.५ मिमीची, म्हणजे स्क्रू त्यातून मोकळा जाईल. आटे फक्त नेकमध्ये पडले पाहिजेत. बॉडीतही आटे पडले तर स्क्रू कितीही फिरवा, नेक आणि बॉडीमध्ये फट राहते. नेकमधलं भोक ३.२ मिमीचं, स्क्रूला मेण चोळून. मेपलमध्ये कोरडा स्क्रू घातला की त्याचं डोकं तुटतं.

प्रश्न : मेपलचा फिंगरबोर्ड (नेकवरची फ्रेट बसवलेली फळी) तेजदार वाजतो आणि रोजवुडचा मऊ, हे खरं का? (सदर)

उत्तर : तार फ्रेटला टेकते, फिंगरबोर्डला नाही, आणि तो थर पाच-सहा मिमीचाच. बोटांना लागणारा स्पर्श आणि निगा यावर निवड करा. मेपलवर वॉर्निश असतं, त्याला तेल लावू नका. रोजवुड, म्हणजे आपलं शिसवी, उघडं असतं. वर्षातून दोनदा खनिज तेलाचे चार थेंब चोळून लगेच पुसून काढा. २०१७ मध्ये शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलं तेव्हा काही कंपन्यांनी पाओ फेरो हे दुसरं लाकूड वापरायला सुरुवात केली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. पाओ फेरोची गिटार कमी प्रतीची समजू नका.

प्रश्न : दर उन्हाळ्यात नेकच्या कडेला फ्रेटची टोकं हाताला टोचतात. पावसाळ्यात आपोआप बरं होतं. हे लाकूड कच्चं असल्याचं लक्षण आहे का? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि हवा कोरडीठाक होते. लाकूड लांबीला फारसं आकसत नाही, रुंदीला आकसतं. फ्रेट धातूचे, ते तेवढेच राहतात. पावसाळ्यात लाकूड ओलावा घेऊन पुन्हा फुगतं.

गिटार कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. कूलर चालू असताना खोलीत दमट आणि बंद केला की कोरडं, असं दिवसातून दोनदा झालं की नेकही हलतो आणि तारांनाही गंज चढतो. केसमध्ये ठेवा, आत छोटा आर्द्रतामापक टाका आणि ४५ ते ५५ टक्के धरून चला. बंद गाडीत तर पाच मिनिटंही ठेवू नका.

नेकची कमान वर्षातून दोनदा मोजा, मे मध्ये आणि ऑगस्टमध्ये. पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारी पकड), शेवटचा फ्रेट दाबलेला, आठव्या फ्रेटच्या माथ्यावर फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या). गिटारला ०.२५ मिमी, बेसला ०.३ ते ०.३५. ट्रस रॉड (नेकमधली कमान बदलणारी सळई) एका वेळी आठवा भाग वळसा फिरवा, तार सुरात आणा, पुन्हा मोजा. हवा बदलली की कमान कोणत्या बाजूला जाईल हे त्या तुकड्याच्या रेषांवर ठरतं, म्हणून अंदाजाने फिरवू नका.

टोकं घासायची तर ती मेअखेरीस घासा, लाकूड सगळ्यात जास्त आकसलेलं असताना. ऑगस्टमध्ये घासली तर पुढच्या मे मध्ये ती पुन्हा बाहेर येतील. फिंगरबोर्डला मास्किंग टेप लावा, बारीक दातांची कानस नेकच्या कडेला लांबीच्या दिशेने सपाट धरून टोकं कडेशी जुळेपर्यंत फिरवा, मग ४५ अंशात तिरपी धरून प्रत्येक टोकाची धार मोडा. शेवटी ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर. बोट वरून खाली फिरवताना कुठेही अडलं नाही की काम झालं.