परसातले प्रश्न: हिवाळी पेरणी आणि तिच्या नोंदी

गेल्या हिवाळ्यात उघड्या वाफ्यावर केलेल्या पेरण्यांच्या नोंदी पाठवा, असं आम्ही वाचकांना सुचवलं होतं. वह्यांची पानं आली, कॅलेंडरचे फोटो आले, बियाण्याच्या पाकिटांच्या पाठीवर लिहिलेलंही आलं. त्यासोबत आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे एकसारखे होते. त्यांतले निवडक इथे घेतले आहेत.

दरवर्षी दिवाळीच्या पाडव्याला मेथी, पालक आणि कोथिंबीर पेरतो. 2023 मध्ये तिन्ही झकास उगवली. 2025 मध्ये मेथी आली, कोथिंबीर तुरळक, पालक जवळजवळ नाहीच. दुकान तेच, जात तीच. मग बिघडलं काय? (अलिबाग)

तारीख. 2023 चा पाडवा 14 नोव्हेंबरला होता, 2025 चा 22 ऑक्टोबरला. म्हणजे सण तोच असला तरी पेरणी तीन आठवड्यांहून जास्त आधी झाली आणि थेट ऑक्टोबरच्या उकाड्यात सापडली. मातीचं तापमान 30 अंशांच्या वर राहिलं की पालकाची उगवण कोसळते, कोथिंबीरही रेंगाळते. मेथी आणि माठ यांना त्याचं फारसं काही वाटत नाही, म्हणून तुमची मेथी तरली.

पंचांग बघण्याऐवजी माती बघा. साधा काचेचा थर्मामीटर वाफ्यात तीन सेंटिमीटर खोल खोचून दुपारी दोनला आकडा वाचायचा. लागोपाठ तीन दिवस 28 च्या खाली आला की पालक, कोथिंबीर पेरायला हरकत नाही. थर्मामीटर नसेल तर रात्रीचं किमान तापमान 22 च्या खाली उतरेपर्यंत थांबा. किनाऱ्यावर हे साधारण नोव्हेंबरच्या मध्याला जमतं.

थांबवत नसेल तर पालकाचं बी रात्रभर भिजवा, पेरणी संध्याकाळी करा आणि तीन-चार दिवस वाफ्यावर ओलं गोणपाट पसरून ठेवा. पहिला कोंब दिसला की गोणपाट त्याच दिवशी, तेही ऊन उतरल्यावर काढायचं. एक दिवस उशीर झाला तरी रोपं लांबुडकी, पिवळी होतात आणि गोणपाटाच्या धाग्यांत अडकून उपटली जातात. धणे रगडून दोन फाकी करायचे हे सगळ्यांना माहीत असतं, पण पाट्यावर जोर जास्त लागला की आतला दाणाच चिरडतो. चपलेच्या तळव्याने किंवा लाटण्याने हलकं फिरवलं तरी पुरतं.

माझ्या वहीत “12 नोव्हेंबर, माठ पेरला, बरा आला” अशा ओळी आहेत. पुढच्या वर्षी त्यांचा उपयोग होत नाही. नेमकं काय लिहावं? (रत्नागिरी)

“बरा आला” यातून काहीच हाती लागत नाही, हे खरं. आलेल्या नोंदींपैकी आम्हाला सर्वांत उपयोगी वाटली त्या पद्धतीची एक ओळ अशी दिसते:

“लाल माठ, घरचं बी, मार्च 2025 चं. विहिरीकडचा वाफा, 3 चौरस मीटर. बी दीड ग्रॅम, बारीक वाळूत मिसळून. खोली अर्धा सेंमी. पेरणी 18 नोव्हेंबर, संध्याकाळी. पहिला कोंब 22 ला, निम्मं उगवलं 24 ला. किमान 21. झारीने रोज सकाळी. पूर्व कडेला एक हात पट्टा रिकामा, मुंग्या.”

यात कळीच्या तारखा दोन: पहिला कोंब आणि निम्मं उगवलं तो दिवस. बहुतेक जण फक्त पहिली लिहितात. दोन्हींतलं अंतर दोन-तीन दिवसांचं असेल तर बी दमदार आणि पाणी सारखं मिळालेलं. अंतर आठवड्यावर गेलं तर एक तर बी जुनं, नाही तर खोली कमीजास्त. मग पाकिटावरचं वर्ष आणि तुम्ही लिहिलेली खोली ताडून पाहायची. बी उगवून आडवं पडलं आणि बुडाशी पाणचट, बारीक झालं असेल, तर तो रोपं कोलमडण्याचा बुरशीजन्य रोग. वहीतला पाण्याचा रकाना पाहिलात तर बहुधा संध्याकाळचं पाणी आणि दाट पेरणी सापडेल. ठिगळं ठिगळं रिकामी असतील तर मुंग्या, पक्षी किंवा झारीच्या धारेने वाहून गेलेलं बी. ठिगळ वाफ्याच्या कोणत्या कडेला आहे, तेही लिहा. उताराच्या खालच्या टोकाला दाटी आणि वर रिकामं असेल तर ते पाण्याचंच काम.

तुलनेसाठी किनाऱ्यावरच्या डिसेंबरात पहिला कोंब दिसायला लागणारे साधारण दिवस: मुळा आणि मेथी 3 ते 5, चवळी 4 ते 5, माठ 4 ते 6, टोमॅटो 6 ते 8, वांगी 7 ते 10, पालक 8 ते 10, मिरची आणि कोथिंबीर 10 ते 14. गाजराला पंधरवडाही लागतो. तेवढा वेळ वरचा थर ओला राखणं हेच गाजराचं खरं काम, आणि बहुतेकांचं गाजर तिथेच फसतं.

बी वजनावर लिहा. माठाला चौरस मीटरला अर्धा ग्रॅम खूप झाला, मेथीला तीन-चार ग्रॅम. “मूठभर” हे माप माणसागणिक बदलतं.

परदेशी व्हिडिओंत प्लास्टिकच्या बाटल्या अर्ध्या कापून त्यांत माती भरतात, बी पेरतात आणि भर थंडीत अंगणात ठेवून देतात. दापोलीची थंडी त्याला पुरेल का? (दापोली)

नाही. ती पद्धत बर्फ पडणाऱ्या मुलखाची आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर राहणाऱ्या ट्रूडी डेव्हिडॉफ यांनी ती लोकप्रिय केली. तिथल्या अनेक फुलझाडांच्या बिया ओल्या मातीत काही आठवडे 1 ते 5 अंशांच्या गारठ्यात राहिल्याशिवाय जाग्या होत नाहीत. बाटली त्यांना पक्ष्यांपासून आणि मुसळधार पावसापासून सांभाळते, बर्फ वितळून पाणी झिरपत राहतं, आणि वसंतात ऊब आली की बी आपोआप उगवतं.

दापोली उंचावर असल्याने रात्री किनाऱ्यापेक्षा गार असते, पण दुपारी ऊन 30 च्या आसपास जातंच. बंद बाटली उन्हात ठेवली तर आत त्याहून कितीतरी जास्त चढतं आणि कोंब उकडून निघतो. शिवाय आपल्या भाज्यांच्या बियांना गारठ्याची गरजच नसते. लॅव्हेंडर किंवा डेल्फिनियम या फुलझाडांचा हट्टच असेल तर बी ओल्या वाळूत मिसळून, डबीत घालून चार आठवडे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि डिसेंबरअखेर बाहेर पेरा. तरी लॅव्हेंडर आपल्या पावसाळ्यात टिकेल, अशी आशा धरू नका.

बाटलीचा आपल्याकडे एकच उपयोग: बूच काढलेली वरची अर्धी बाटली, सावलीत, मिरचीच्या कुंडीवर पालथी. ओल टिकते. कोंब दिसला की काढायची.

माठाचं बी मुंग्या रातोरात पळवतात. हळद टाकून पाहिली. (गुहागर)

हळद पाणी लागेपर्यंतच काम करते, राखेची रेघही तशीच. बी उघडं ठेवू नका: चाळलेल्या शेणखताचा अर्धा सेंटिमीटर थर वर पसरून हाताने दाबा, म्हणजे मुंग्यांना दाणे उचलणं जड जातं. वाफ्यापासून दोन हात दूर तांदळाची कणी टाकली तर रांग तिकडे वळते. चार-पाच दिवसांचाच प्रश्न असतो, त्यानंतर बी उगवलेलं असतं.

घर समुद्राला लागून आहे. जानेवारीनंतर विहीर मचूळ होते. श्रावणघेवडा आणि मुळा उगवून करपतात, चवळीला मात्र काही होत नाही. पाणी रोज थोडं थोडं देतो. (देवगड)

रोज थोडं थोडं हेच नुकसान करतंय. थोडं पाणी वरच्या दोन बोटांतच राहतं, दुपारी उडून जातं आणि मीठ मागे ठेवून जातं. नेमका त्याच थरात कोंब असतो. मचूळ पाणी द्यायचंच तर तीन-चार दिवसांनी, पण भरपूर, म्हणजे मीठ मुळांच्या खाली धुऊन जाईल. रेताड जमिनीत हे सहज जमतं. चिकण भाताच्या खाचरात जमत नाही, तिथे आधी चर काढावा लागतो.

दुसरी गोष्ट, सरीवरंब्यावर पेरत असाल तर बी माथ्यावर लावू नका. ओल सरीतून वर चढते आणि मीठ माथ्याशी साचतं. सकाळी पांढरी खपली दिसते ती त्याचीच. बी वरंब्याच्या बगलेला, पाण्याच्या रेषेच्या थोडं वर लावा. पाणी पानांवर झारीने टाकू नका, टोकं करपतात.

पिकं बदलणं सर्वांत सोपं. घेवडा, गाजर, मुळा आणि कांदा खारटपणाला फार हळवे असतात. पालक आणि टोमॅटो मध्यम. बीट आणि चवळी चांगल्याच काटक, तुमच्या नोंदीत चवळी वाचली ती उगाच नव्हे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण सदाबहार ही चवळी कमी दिवसांत तयार होते, ती लावून पाहा. हळव्या भाज्या नोव्हेंबरात, विहीर गोडी असतानाच उरकून घ्या. आणि घरच्या सोडणापासून (नारळाच्या सालीपासून) कोकोपीट, म्हणजे रोपांसाठीचा भुसा, करत असाल तर गोड्या पाण्यात तीनदा भिजवून पिळल्याशिवाय रोपांना वापरू नका. खारट पाण्यात कुजवलेल्या सोडणात मीठ भरपूर असतं.

भातकापणीनंतर अंगओलाव्यावर (खाचरात उरलेल्या ओलीवर) कडवे वाल टाकतो. यंदा लवकर उगवावे म्हणून भिजवून टाकले, तर निम्मे कुजले आणि बाकीचे सुकले. (पेण)

अंगओलाव्यावर पेरायचं बी भिजवायचं नाही. कोरडा दाणा जमिनीत पुरेशी ओल मिळाली तरच फुगतो, नाही तर तसाच थांबतो. भिजवलेल्या दाण्याला परत फिरता येत नाही. ओल कमी पडली की कोंब सुकतो, आणि जास्त ओल्या खाचरात तोच दाणा हवेअभावी कुजतो. तुमच्या खाचरात उंचसखलपणा असणार, म्हणून दोन्ही तऱ्हा एकाच वेळी दिसल्या.

कापणीनंतर आठवड्याच्या आत पेरा. बोटभर खोलीवरची माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकला की फुटावा. गोळा चपटा होऊन तसाच राहिला तर दोन दिवस थांबा. गोळाच झाला नाही तर उशीर झालेला आहे. नांगरट केलीत तर त्याच दिवशी फळी फिरवा, उघड्या ढेकळांतून ओल उडते. खोली पाच सेंटिमीटर, दोन ओळींत 30 आणि दोन दाण्यांत 20 सेंटिमीटर. रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र पुरवणारे जिवाणू) लावायचं तर किलोभर बियाण्याला 25 ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात कालवून, सावलीत सुकवून, त्याच दिवशी पेरणी. बुरशीनाशक लावायचं असल्यास ते आधी लावायचं आणि रायझोबियम सर्वांत शेवटी. पोपटीसाठी (पाला घालून मडक्यात भाजायला) शेंगा हव्या असतील तर काही ओळी पंधरा दिवस मागेपुढे पेरा, नाही तर सगळा वाल एकदम भरतो आणि भांबुर्ड्याचा पाला शोधेपर्यंत दाणे निबर होतात.

जांभ्या मातीत पालक दोन पानांवरच पिवळा पडतो. शेणखत भरपूर घातलंय. (कुडाळ)

माती आंबट आहे. पालक, कांदा, मेथी यांना ती सोसत नाही. पेरणीआधी तीन आठवडे चौरस मीटरला 200 ते 300 ग्रॅम विरलेला चुना मातीत नीट मिसळा आणि पाणी द्या. चुना आणि ताजं शेण किंवा युरिया एकाच वेळी घालू नका, नत्र वायुरूपाने उडून जातं. शेणखत चुन्यानंतर दोन आठवड्यांनी. माठ आंबट मातीत बऱ्यापैकी निभावून नेतो.

घरचं बी पावसाळ्यानंतर उगवत नाही. भोपळा आणि तवसं (मोठी काकडी) उगवतात, कांदा अजिबात नाही. (वेंगुर्ला)

कांद्याचं बी मुळातच अल्पायुषी, आणि आपल्या पावसाळी दमट हवेत वर्षभरही धड टिकत नाही. ते दरवर्षी नवं घ्यावं. कोथिंबीर एक-दोन वर्षं, मेथी आणि पालक दोन-तीन, वांगी आणि टोमॅटो तीन-चार, भोपळावर्गीय त्याहून जास्त; पण हे सगळं बी खडखडीत कोरडं असेल तर. बियांतली ओल एक टक्क्याने कमी झाली की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा बियाणेशास्त्राचा ठोकताळा आहे. राखेत घोळवून, शेणात थापून भिंतीला लावलेलं तवशाचं बी टिकतं ते राख ओल शोषते आणि किडीला अडवते म्हणून.

चूल नसलेल्या घरात हे करा. बी आधी सावलीत वाळवा; वालाचा दाणा दाताखाली चेपला न जाता मोडला पाहिजे. बियांच्या दुप्पट तांदूळ कढईत मंद आचेवर खरपूस भाजून, हवाबंद बरणीत झाकून पूर्ण गार होऊ द्या. गरम तांदळावर बी ठेवलंत तर ते मरतं. मग बियांच्या कापडी पुरचुंड्या त्यांत दोन आठवडे ठेवा आणि नंतर कोरड्या बाटलीत भरून मेणाने किंवा टेपने बंद करा. फ्रीजमध्ये ठेवली असेल तर बाहेर काढल्यावर काही तास उघडू नका, नाही तर हवेतली वाफ थंड बियांवर दवासारखी बसते आणि सगळी मेहनत वाया जाते.

पेरणीआधी चाचणी घ्या: 50 बिया मोजून ओल्या सुती फडक्यात गुंडाळा, फडकं डबीत, डबी सावलीत. तीस उगवल्या तर उगवण 60 टक्के. 100 रोपं हवी असतील तर 167 बिया लागतील, आणि वाफ्यातली घट धरून 200 टाका. 40 टक्क्यांच्या खाली असेल तर वाफा अडवून ठेवू नका. मेथीचा निकाल पाचव्या दिवशी लागतो. कोथिंबिरीचं फडकं मात्र पंधरा दिवस उघडून फेकू नका, आठव्या दिवशी रिकामं दिसणारं बाराव्या दिवशी भरतं.