जुन्या गाऊनचे रेशीम ‘विरते’ की ‘चिरते’?

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या पॅरिसच्या गाऊनवर मराठीत लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे, की संग्रहालये ज्याला ‘शॅटर्ड सिल्क’ म्हणतात, म्हणजे ठिसूळ होऊन जागोजागी फाटलेले रेशीम, त्याला ‘विरलेले रेशीम’ म्हणावे का, आणि त्याच्या दुरुस्तीला ‘रफू’ म्हटलेले चालेल का.

माझ्या मते दोन्ही टाळावे. विरणे वापराने होते: धोतर नेसून, धुऊन, घासून सूत झिजते आणि कापडातून उजेड दिसू लागतो. पॅरिसच्या वर्थ किंवा दूसे या नामांकित पोशाखगृहांत शिवलेला गाऊन मात्र एखाद-दुसऱ्या समारंभापुरता अंगावर चढून एरवी पेटीतच राहिलेला असला, तरी फाटलेला निघू शकतो. याचे मूळ रंगाऱ्याच्या कामात आहे. कच्च्या रेशमावरचा डिंकासारखा थर धुऊन काढला की त्याचे वजन सुमारे २० ते २५ टक्के घटते. रेशीम वजनावर विकले जाई, म्हणून ही तूट भरून काढण्यासाठी, आणि पुष्कळदा त्याहूनही अधिक वजन चढवण्यासाठी, ते कथिलाच्या क्षारांत भिजवत. त्याने कापडाला भारदस्त झोक येई, पण तेच क्षार पुढे, विशेषतः उजेडात, तंतू ठिसूळ करतात आणि रेशीम धाग्याच्या दिशेने सरळ रेषेत फाटत जाते.

जुनी पैठणी ‘घडीवर चिरली’ असे आपण म्हणतोच, आणि त्या भीतीने घडी अधूनमधून बदलूनही ठेवतो. तिथे कारण निराळे असेल, पण डोळ्यांना दिसते ते हेच. तेव्हा ‘चिरलेले रेशीम’ म्हणावे. ‘कुजलेले’ नको, कारण कुजण्यात ओल गृहीत असते.

रफूत सुई मूळ कापडातून पुन्हा पुन्हा जाते, आणि अशा रेशमात प्रत्येक टोच नवी चीर उघडू शकते. जतन करणारे तज्ज्ञ त्याऐवजी खाली रंग जुळवलेले कापड देतात, वर क्रेपलीन नावाचे अतितलम, पारदर्शक रेशीम पसरतात आणि टाके शक्यतो धड राहिलेल्या भागातच घालतात. चीर सांधली जात नाही, तोलून धरली जाते, म्हणून ‘आधार देणे’ हाच प्रयोग मला बरा वाटतो.

व्हेनिसमधील पोशाखकार फोर्तुनी याच्या १९०७ च्या सुमारास आलेल्या ‘डेल्फॉस’ या चुणीदार रेशमी गाऊनबाबत मात्र ‘घडी’ हा शब्दच वापरू नये. त्याच्या बारीक चुण्या टिकाव्यात म्हणून तो पीळ देऊन, गुंडाळून लहानशा पेटीत ठेवत. तिथे ‘पीळ’च म्हणावे.