पहिला ख्रिस्तप्रसाद, प्याला मिळाला तरी, न मिळाला तरी

पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, जागरणविधीत तुझा बाप्तिस्मा आहे आणि त्याच मिस्सात (उपासनेत) पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणून हे लिहितोय. नवदीक्षितांना त्या रात्री बहुधा दोन्ही रूपांत, म्हणजे भाकर आणि प्याल्यातला द्राक्षारस, ख्रिस्तप्रसाद देतात. एरवी रविवारी फक्त भाकर मिळाली, तर आपल्याला अर्धाच प्रसाद मिळाला असं मनात आणू नकोस. भाकरीच्या एका कणातही संपूर्ण ख्रिस्त असतो. ट्रेंटच्या धर्मसभेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या परिषदेने, 1551 मध्ये हेच शिकवलं. सामान्य भाविकांसाठी शतकानुशतकं बंद असलेला प्याला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये पुन्हा खुला केला. कारण भोजनाची खूण दोन्ही रूपांत अधिक स्पष्ट दिसते. मला स्वतःला हे कारण फार भावतं.

आता प्रत्यक्ष रांगेत. हातावर घ्यायचं असेल तर डावा तळहात वर आणि उजवा त्याच्या खाली. ‘ख्रिस्ताचे शरीर’ म्हटलं की स्पष्ट ‘आमेन’ म्हण आणि तिथेच बाजूला सरून खा, चालत चालत नको. फादर भाकर प्याल्यात बुडवून देत असतील, तर मात्र हात पुढे करू नकोस. ती थेट जिभेवरच घ्यायची असते. हातावर घेतलेली भाकर आपण स्वतः बुडवायची नाही, ही चूक मी अनेकांना करताना पाहिली आहे.

प्याला घेणं ऐच्छिक आहे. गव्हाचा त्रास असेल तर फादरांना आधीच सांग, नुसता द्राक्षारस घेता येतो. आणि तासभर आधी काही खाऊ नकोस. पाणी चालतं, औषधही.