प्रत्यारोपणानंतर रक्तात ईबीव्ही सापडणे म्हणजे नेमके काय?

आपल्या भावाच्या मूत्रपिंड प्रत्यारोपणाला सात महिने झाले असताना त्याच्या रक्तात ईबीव्ही, म्हणजे एपस्टाईन-बार विषाणू, सापडला. तो आला कुठून, आणि डॉक्टरांनी विषाणूवरचे औषध न देता मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची मात्रा का कमी केली, असे आपण विचारले आहे. विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी अनेक वर्षे काम केले, त्या अनुभवावरून लिहितो.

विषाणू बहुधा नव्याने आलेलाच नाही. जगातील 90 टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतो. आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच लाळेवाटे त्याची लागण होते आणि ती सहसा कळतही नाही. पुढे तो रक्तातील बी पेशींमध्ये, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये, आयुष्यभर मुक्काम करतो. तिथे त्याचा डीएनए बंद कड्याच्या रूपात पेशीकेंद्रात पडून असतो आणि जवळजवळ कोणतेही प्रथिन तयार करत नाही, त्यामुळे टी पेशींना, म्हणजे बाधित पेशी हुडकून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना, त्याचा सुगावा लागत नाही. निरोगी माणसात दहा लाख बी पेशींपैकी साधारण 1 ते 50 पेशींतच तो आढळतो. त्यातली एखादी पेशी विषाणूच्या चिथावणीने वाढू लागली, तर टी पेशी तिला ओळखून मारतात.

टॅक्रोलिमससारखी औषधे नवे मूत्रपिंड वाचवण्यासाठी नेमक्या याच टी पेशींना आवर घालतात. पहारा सैल झाला की विषाणू असलेल्या बी पेशी बेसुमार वाढू शकतात, आणि त्यातून प्रत्यारोपणोत्तर लसिकापेशींचा विकार, कधी थेट लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, होतो. गॅन्सिक्लोव्हिरसारखे विषाणूविरोधी औषध विषाणू स्वतःच्या प्रती काढत असतो तेव्हाच लागू पडते. येथे पेशी दुभंगताना तिचीच यंत्रणा विषाणूच्या डीएनएची प्रत काढते, म्हणून त्या औषधाचा फारसा उपयोग होत नाही. मात्रा कमी करून टी पेशींना पुन्हा कामाला लावणे हाच म्हणूनच पहिला उपचार ठरतो, आणि आपल्या डॉक्टरांचा निर्णय मला योग्य वाटतो.

हे किती जिवावर बेतू शकते, ते अमेरिकेतील डेव्हिड व्हेटर या मुलाने जगाला दाखवले. जन्मतः प्रतिकारशक्ती नसल्यामुळे तो निर्जंतुक कक्षात वाढला. 1983 मध्ये त्याला बहिणीची अस्थिमज्जा देण्यात आली, तिच्यातून सुप्त ईबीव्ही त्याच्या शरीरात गेला आणि 1984 च्या फेब्रुवारीत, वयाच्या बाराव्या वर्षी, तो लिम्फोमाने दगावला. बहीण मात्र ठणठणीत होती. हे आठवले की आजही मन विषण्ण होते.

या विकारात आलेल्या गाठीच्या बायोप्सीवर, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यावर, विषाणूचा आरएनए शोधणारी ईबर चाचणी केली, की सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची केंद्रेच्या केंद्रे गडद रंगलेली दिसतात. निरोगी लसिकाग्रंथीत असे केंद्र शोधूनही क्वचितच सापडते.

परंतु रक्तात विषाणू सापडला म्हणजे हा विकार झालाच, असे मुळीच नाही. एका आकड्यापेक्षा विषाणूभाराचा, म्हणजे रक्तातील विषाणूच्या प्रमाणाचा, कल महत्त्वाचा असतो, म्हणून चाचणी दर वेळी एकाच प्रयोगशाळेत करून घ्यावी. मानेत, काखेत किंवा जांघेत गाठ, न उतरणारा ताप, वजनातील घट, पोटदुखी किंवा क्रिॲटिनिनमध्ये (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्तातील घटकात) वाढ दिसल्यास त्याच दिवशी कळवावे. गोळ्या मात्र घरच्या घरी कमी करू नयेत, कारण त्याने मूत्रपिंडच गमवावे लागू शकते.

भावाचा आणि दात्याचा प्रत्यारोपणापूर्वीचा ईबीव्ही प्रतिपिंडांचा अहवाल जुन्या फायलीत असल्यास पुढच्या भेटीत न्यावा. दात्याचा अहवाल पॉझिटिव्ह आणि भावाचा निगेटिव्ह असेल, तर विषाणू मूत्रपिंडाबरोबरच आलेला असण्याची शक्यता आहे. अशा रुग्णाच्या टी पेशींना त्याची पूर्वओळख नसते, धोका बराच अधिक असतो आणि तपासण्याही अधिक वेळा कराव्या लागतात.