गावात आत्तापासूनच सगळे 'साहेब' म्हणतात, आता अभ्यास सोडला तर लोक काय म्हणतील?

भाऊ, तू लिहिलंयस की वय 29, संभाजीनगरला खोली करून सहा वर्षं झाली एमपीएससी करायलास, दोनदा पूर्व निघाली पण मुख्यला अडकलं, आता मनातून अभ्यास सुटलाय तरी दरवर्षी फॉर्म भरतोस कारण गावात आत्तापासूनच सगळे 'साहेब' म्हणतात. आणि विचारलंयस की लोकांना काय वाटेल हे सोडून दिलं तर माणूस खरंच सुखी होतो का, का हे नुसतं बोलायला सोपं आहे. वयानं लहान आहेस म्हणून तू म्हणतोय, राग मानू नको.

होतो. पण एका दिवसात होत नाही, आणि मोबाईलवरच्या व्हिडिओत सांगतात तसं तर अजिबात होत नाही. तुझ्या प्रश्नातला तो 'साहेब' शब्द वाचला आणि मला बोलल्याशिवाय राहवेना, कारण मला नऊ वर्षं लोक 'सर' म्हणायचे आणि त्या एका शब्दापायी मी काय काय घालवलं ते माझं मला माहीत.

मी गंगाखेड तालुक्यातला. बीएस्सी बीएड. 2010 ला शेजारच्या गावात विनाअनुदानित शाळेवर लागलो, म्हणजे मास्तरांच्या पगाराला सरकारचे पैसे येत नाहीत अशा शाळेवर. आदल्या वर्षी म्हणजे 2009 ला सरकारनं 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' हा शब्द काढला होता, त्यामुळं सगळ्यांना वाटायचं आता अनुदान येणारच, दोन-तीन वर्षं कळ काढली की झालं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दीड एकर काळी जमीन विकली आणि संस्थेला पैसे भरले. पगार काहीच नाही. दिवाळीला कधी पाच हजार हातावर टेकवायचे, कधी तेबी नाही. 2016 ला काही शाळांना अनुदानाचा 20 टक्के टप्पा मिळाला, यादी आली, आम्ही सगळे मास्तर एका मोबाईलवर वाकून बघत होतो, आमच्या शाळेचं नाव नव्हतं.

मग नऊ वर्षं थांबलास कशाला असं तू विचारशील. मी लोकांना सांगायचो अनुदानाची आशा आहे. आशा होतीच, खोटं नाही, पण मला तिथं धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो की पारावर बसलेली माणसं सरकून जागा करायची, या सर, बसा सर. लग्नात माईकवर नाव पुकारायचे, आपल्या परिसरातले विज्ञानाचे सर आलेले आहेत त्यांनी सत्कार स्वीकारावा, मग टॉवेल, टोपी, नारळ. मला अजून आठवतं, एका लग्नात मी आहेराच्या पाकिटात अकराशे टाकले कारण शेजारी बसलेल्या अनुदानित शाळेवरच्या मास्तरनं अकराशे टाकले होते, आणि माझे अकराशे किराणा दुकानदाराकडून उसने आणलेले होते, त्याच दुकानात आमची उधारीची वही आधीच भरलेली. घरी आलो तर बायकोनं तेल नाही म्हणून बिनफोडणीचं वरण केलेलं. नारळ तिच्या हातात दिला. ती काही बोलली नाही.

घरात नाही दाणा आणि मला श्रीमंत म्हणा अशी म्हण आहे आपल्याकडं, लहानपणापासून ऐकतो, पण ती आपल्यावर लागू होते हे माणसाला कळत नाही कारण आपण काही श्रीमंत म्हणा असं म्हणत नसतो, आपण फक्त सर म्हणा, साहेब म्हणा एवढंच म्हणत असतो. बायकोची बोरमाळ 2014 ला गहाण पडली ती सुटलीच नाही. नंतर ती लग्नाकार्याला बेंटेक्सचं घालायची आणि कोणी विचारलं तर म्हणायची सोनं घालून प्रवास करायची भीती वाटते. म्हणजे माझ्या 'सर'साठी ती पण खोटं बोलायला शिकली. मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो आजपण.

2019 च्या उन्हाळ्यात आमच्या गावातली गिरणी बंद पडली, गिरणीवाले मामा पोराकडं पुण्याला गेले, बायाबापड्यांना दळणाचा डबा घेऊन चार किलोमीटर जावं लागायलं. बायकोच्या बचत गटात विषय निघाला. ती घरी येऊन तूर निवडत बसली होती, मान वर न करता म्हणाली, आपण टाकू की गिरणी. मी म्हणलं, अगं मी सर आहे, मी गिरणी चालवू का. ती म्हणाली, "सर आहात तर पगार दाखवा." आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही, खडा काढून बाजूला टाकावा तसं बोलली आणि परत निवडायला लागली.

गटातून तिनं 40 हजार उचलले, थोडे मेव्हण्यानं दिले, जुन्या मशीनवर दहा एचपीची जुनीच मोटर बसवली. शाळेत राजीनामा दिला तेव्हा हेडमास्तर म्हणाले, अहो पुढच्या वर्षी अनुदान येईल, मग रडाल. त्या रात्री झोप नाही लागली.

पहिल्या दिवसाचं सांगतो कारण तुला भीती याच दिवसाची वाटायलीय. सकाळपासून मी गिरणीच्या आत भिंतीकडं तोंड करून उभा. पट्टा तपासतोय, पट्टा ठीक आहे तरी तपासतोय. पिठानं भुवया पांढऱ्या झालेल्या, आणि मनात एकच, माझा कोणी विद्यार्थी येऊ नये. आणि पहिलाच आला तो माझा विद्यार्थी, नववीचा पोरगा, एक हात सायकलच्या हँडलवर आणि एक हात कॅरेजवरच्या डब्यावर. माझे कान गरम झाले. तो म्हणाला, "सर, गहू आहेत, चपातीचे. बारीक दळा. मी तासाभरानं येतो, मॅच आहे." आणि गेला. डबा माझ्या हातात. बस एवढंच झालं. ज्याच्या भीतीनं मी नऊ वर्षं काढली ते अर्ध्या मिनिटात होऊन गेलं, आणि त्या पोराला तर मॅचची घाई होती.

पुढं कधीतरी मानसशास्त्राचा एक प्रयोग वाचनात आला, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 2000 साली छापून आलेला. एका विद्यार्थ्याला घालायला लाज वाटेल असा चेहरा छापलेला टीशर्ट घालून बाकीच्या पोरांच्या खोलीत पाठवायचं आणि नंतर विचारायचं की किती जणांनी बघितलं असेल. घालणाऱ्याला वाटायचं जवळजवळ निम्म्यांनी, प्रत्यक्षात साधारण पाव जणांनाच सांगता यायचं टीशर्टवर कोण होतं. वाचलं आणि मला तो सायकलवरचा पोरगा आठवला.

पण खरं सांगायचं तर खेडं म्हणजे विद्यापीठातली खोली नाही. इथं पाव नाही, झाडून सगळे बघतात. बोलतातबी. "एवढं शिकून शेवटी पीठच चाळायचं होतं तर बापाची जमीन कशाला घालवली" हे मी माझ्या कानानं ऐकलंय, बोलणाऱ्याला माहीत होतं मी ऐकायलोय. त्या दिवशी जेवलो नाही. पण पंधरा दिवसांनी पारावर दुसऱ्याच कोणाच्या पोरीची सोयरीक मोडल्याचा विषय होता, माझं नाव निघणं बंद झालं. लोक वाईट असतात असं मी म्हणणार नाही, त्यांनाबी दिवस घालवायला काहीतरी लागतं, आणि आपण त्यांच्या पंधरा दिवसांच्या गप्पांसाठी आपली वर्षंच्या वर्षं देऊन बसतो.

आता इथं एक चूक मी केली ती तू करू नको. सुरुवातीला चार-पाच महिने मी व्हॉट्सअपला रोज स्टेटस ठेवायचो, मला कोणाची पर्वा नाही, स्वतःसाठी जगा, कष्टाला लाज कसली, असलं सगळं. आणि दर अर्ध्या तासाला उघडून बघायचो की कोणी कोणी बघितलं, हेडमास्तरनं बघितलं का, त्या अनुदानितवाल्या मास्तरनं बघितलं का. एक दिवस बायको म्हणाली अहो दळण जळायलंय, खरंच पीठ गरम होऊन वास सुटला होता आणि मी मोबाईलमध्ये. तेव्हा लक्षात आलं की आधी 'सर' म्हणा म्हणून त्यांच्याकडं बघायचो, आता 'किती बिनधास्त आहे' म्हणा म्हणून बघायलोय, मान तिकडंच वळलेली. स्टेटस ठेवणं बंद केलं. कोणाला काही पटवून द्यायचंच बंद केलं. खरं हलकं वाटायला लागलं ते तिथून पुढं.

आणि सगळ्यांचंच ऐकायचं सोडायचं असंबी नाही. एक आजी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन परत आल्या, म्हणाल्या, लेकरा पीठ खरबरीत आलंय, भाकर थापताना तुटायलीय. मी हातावर घेऊन बघितलं, खरंच खरबरीत. दगडाला टाकी लावायची, म्हणजे छिन्नीनं टोचून दगड परत धारदार करायची वेळ झाली होती आणि मी टाळत होतो. त्या दिवशी गिरणी बंद ठेवून टाकी लावून घेतली, आजीची ज्वारी नव्यानं घेऊन फुकट दळून दिली. मी आता एवढंच बघतो की समोरचा दळणाबद्दल बोलायलाय का माझ्याबद्दल. दळणाबद्दल बोलला तर दोन्ही कान देऊन ऐकतो, कारण तो बरोबर असतो नव्वद टक्के वेळा. माझ्याबद्दल बोलला तर चहा घेता का विचारतो. तुझ्या बाबतीतबी असंच असणार, उत्तरं लिहायला कमी पडतोस असं कोणी पेपर बघून सांगितलं तर ते दळणाबद्दलचं बोलणं आहे, पोराचं वय व्हायलंय आणि अजून काहीच नाही हे दुसरं.

सुखाचं विचारलंस. माझं सुख लई साधं आहे, सांगायला काही मोठं नाही. आठवडी बाजारात दिवस मावळायला भाव पडतात, वांगी, टमाटे अर्ध्या किमतीत देऊन टाकतात. सर होतो तेव्हा मी भर दुपारी चढ्या भावानं घ्यायचो, पडत्या भावाची भाजी घेताना कोणी बघितलं तर काय, या भीतीनं. आता पायजम्यावर जातो, पिठाचे केस तसेच, खाली बसून वांगी निवडतो, दोन रुपयांसाठी घासाघीस करतो, माल विकणाऱ्या मावशीशी दोन शब्द बोलतो. घरी येताना पिशवी जड असते आणि मन एकदम मोकळं. पहिल्यांदा असं आलो त्या दिवशी मी रस्त्यात गाणं म्हणत होतो हे माझं मलाच घराजवळ आल्यावर कळलं. आणि झोप. दिवसभर उभा राहून पाय दुखतात, पडलो की झोपतो. पैसा म्हणशील तर फार नाही, पण लॉकडाऊनमध्ये सगळं बंद असताना गिरणी चालू होती आणि किराण्याची उधारीची वही त्याच वर्षी संपली, दुकानदारानं माझ्यासमोर पानावर आडवी रेघ मारली.

आता अवघड भाग, आप्पा. हे लिहावं का नाही असा विचार करत होतो. गिरणी टाकली तेव्हा आप्पा काहीच बोलले नाहीत, फक्त मारुतीला जाताना गिरणीवरून जायचं सोडून मागच्या गल्लीनं जायला लागले. मी आधी त्यांनापण 'लोक' मध्येच धरलं, म्हणलं यांनाबी इज्जतीचंच पडलंय. हे माझं चुकलं. त्यांची दीड एकर गेली होती रे. ज्यानं आपल्यासाठी विकलंय, उपाशी राहिलाय, तो लोकांत मोजायचा नसतो, त्याला हिशोब द्यावा लागतो. एका संध्याकाळी वही घेऊन त्यांच्यासमोर बसलो, नऊ वर्षांत काय आलं, काय गेलं, बोरमाळ, उधारी, सगळं वाचून दाखवलं, गिरणीचा महिन्याचा हिशोबबी दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकलं. म्हणाले, जमीन गेली ती गेली. उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून समोरच्या रस्त्यानं जायला लागले, आत मात्र फारसे येत नाहीत. आजबी पाहुणे आले की सांगतात, पोरगा शाळेवर होता. 'होता' वर जोर नसतो, पण मला टोचतं. टोचू देतो. त्यांना त्या शब्दात जे सुख मिळतंय ते मी कशाला हिसकावून घेऊ.

तुझ्याबद्दल एकच बघ. एमपीएससीच्या बहुतेक पदांना वयाची मर्यादा खुल्या वर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 आहे, म्हणजे लोकांना तोंड दाखवायला म्हणूनच फॉर्म भरायचा असेल तर अजून नऊ वर्षं तरी आरामात भरता येतील, माझं अनुदान जसं दरवर्षी पुढच्या वर्षी येणार होतं तसं. अभ्यासाची खरंच ओढ असेल, पुस्तक उघडल्यावर अजून बरं वाटत असेल तर जरूर कर, माझं ऐकून सोडू नको. पण तू लिहिलंयस मनातून सुटलंय. मग खोलीभाडं, मेस, अभ्यासिकेची फी असं सहा वर्षांचं एका कागदावर मांड, पैसे कोणी कुठून पाठवले तेबी लिही, आणि पुढं काय करायचा विचार आहे ते त्याच कागदाच्या मागं लिही, अर्धवट असलं तरी चालेल. येत्या पोळ्याला गावाकडं जा. पारावर कोणाला काही सांगायची गरज नाही, 'साहेब' म्हणाले तर म्हणू दे. बैलांचं सगळं आटोपल्यावर, जेवणं झाल्यावर, आईबाबांना दोघांनाबी एकत्र बसव आणि तो कागद वाचून दाखव. फोनवर सांगू नको.