क्रिकेट स्पर्धेच्या ॲपसाठी डेटाबेसची टेबलं कशी करावीत?

तुम्ही म्हणताय की 'खेळाडू' टेबलात संघ_आयडी आणि एकूण_धावा ठेवलंय, 'सामना' टेबलात दोन्ही संघांचा स्कोअर ठेवलाय, आणि हे पुढे चालेल का? पहिल्या स्पर्धेपुरतं चालेल. दुसऱ्या स्पर्धेत कुणीतरी संघ बदलेल, तुम्ही संघ_आयडी अपडेट कराल आणि त्याच्या जुन्या धावाही नव्या संघाच्या खात्यात दिसू लागतील.

म्हणून 'खेळाडू'मध्ये फक्त त्या माणसाची माहिती ठेवा. तो कुठल्या स्पर्धेत कुणाकडून खेळला हे 'संघ_खेळाडू'मध्ये, आणि प्रत्यक्ष मैदानात कोण उतरलं हे 'सामना_खेळाडू'मध्ये. तिथे अकरा कॉलम करू नका, दर खेळाडूची एक रो करा. डोक्याला मार लागला तर बदली खेळाडू घेता येतो, मग नावं बारा होतात.

डावांचंही तसंच. सामन्यात डाव दोनच, असं धरून कॉलम केलेत तर 2019च्या विश्वचषकाची फायनल तुमच्या टेबलात बसणार नाही: दोन्ही संघ 241, मग सुपर ओव्हर, म्हणजे एकूण चार डाव. 'डाव' हे वेगळं टेबल हवं, त्यात सामना_आयडी आणि डाव_क्रमांक.

खरा जीव मात्र 'चेंडू' टेबलात आहे. दर चेंडूला एक रो: डाव_आयडी, क्रम, स्ट्रायकर, नॉनस्ट्रायकर, गोलंदाज, बॅटच्या_धावा. वाइड, नोबॉल, बाय, लेगबाय यांना आकड्यांचे चार वेगळे कॉलम द्या. एकच 'अवांतर_प्रकार' ठेवलात, तर नोबॉलवर धावून काढलेले बाय कुठे लिहाल? बाद_खेळाडूही वेगळा लागतो, कारण धावचीत नॉनस्ट्रायकरही होतो आणि तो बळी गोलंदाजाला मिळत नाही.

षटकं दशांशात साठवू नका, ही माझी कळकळीची विनंती. 4.3 आणि 4.4 षटकांची बेरीज डेटाबेस 8.7 देईल. खरं उत्तर 27 आणि 28 मिळून 55 चेंडू, म्हणजे 9.1 षटकं. चेंडू मोजा, षटकं फक्त स्क्रीनवर दाखवा.

एकूण धावा, सरासरी, गुणतक्ता हे सगळं क्वेरीतून (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातून) काढा, व्ह्यू (नाव देऊन ठेवलेली क्वेरी) करून ठेवा. माझ्या एका ॲपमध्ये मी बेरजा साठवल्या होत्या. स्कोअररने सामन्यानंतर एक चौकार बदलून लेगबाय केला, चेंडूची रो सुधारली, पण फलंदाजाची बेरीज तशीच राहिली. स्पर्धेतल्या सर्वाधिक धावांचं बक्षीस चुकीच्या मुलाला गेलं. ते मला अजून सलतं. वेगाची काळजी करू नका: ट्वेंटी-20चे 60 सामने म्हणजे वाइड-नोबॉल सोडून जास्तीत जास्त 14,400 चेंडू, एवढं कुठलाही डेटाबेस सहज पेलतो.

निव्वळ धावगती (नेट रन रेट: दर षटकामागे काढलेल्या धावा वजा दिलेल्या धावा) काढताना एक गोष्ट हमखास सुटते. संघ सर्वबाद झाला तर त्याची खेळलेली षटकं नाही, पूर्ण कोटा, म्हणजे त्याला मिळालेली सगळी षटकं धरतात. त्यासाठी कमाल_चेंडू हा कॉलम लागेल. पावसाने दुसऱ्या डावाची षटकं कमी होऊ शकतात, तेव्हा तो 'सामना'मध्ये नको, 'डाव'मध्ये ठेवा.